पानाची पाठ

यंदाच्या लगीनसराईतली पहिली पत्रिका एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून. कोपऱ्यांना हळदकुंकू, वर गणपती, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. पत्रिका हातात पडली की माणसं आधी तारीख बघतात, मग हॉल कुठला ते. मी ती पालथी केली आणि कोऱ्या पाठीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. ऑफसेटच्या छपाईत पाठीवर काही उमटत नाही, हे आधीच माहीत होतं. तरी हात तसाच वळतो. ही सवय एका उन्हाळ्याची आहे.

तो उन्हाळा घाटकोपर पश्चिमेच्या एका औद्योगिक वसाहतीत गेला. तळमजल्यावरच्या गाळ्यात लग्नपत्रिकांचा छापखाना, त्याच्यावरच्या गाळ्यात फॉन्ट तयार करणारा चार माणसांचा स्टुडिओ. मार्च संपला की खालून दोन गोष्टी वर यायच्या: कटिंग मशीनचा दणका आणि नव्या कार्डांच्या गोंदाचा वास. दणका बसला की टेबलावरच्या पेन्सिली हलत. दुपारी स्लॅब तापे. कागदावर मनगट टेकवलं की कागद मनगटाबरोबर उचलला जाई, म्हणून प्रत्येकाच्या हाताखाली घडी घातलेला रुमाल असे. फाटकाशी ताडगोळेवाला बसायचा. त्याच्याकडच्या ओल्या पानांचा वास हा त्या वसाहतीतला एकमेव थंड वास होता.

वर जे काम चाललं होतं ते एका जुन्या फ्रेंच अक्षराचं. अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या एका लहान गावात बागकामावरचं एक पुस्तक छापलं गेलं. ज्या शिशाच्या खिळ्यांनी ते छापलं ते खिळे केव्हाच वितळवले गेले. पुस्तक तेवढं राहिलं. पॅरिसच्या एका फॉन्ट कंपनीला ती अक्षरं संगणकावर परत हवी होती. त्यांनी पानांचे मोठे फोटो पाठवले आणि अक्षरं काढायचं काम घाटकोपरला आलं.

फोटोवर रेघ ओढली की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं होत नाही. ओल्या कागदावर शाई पसरते. एकाच पानावर एकच अक्षर चाळीस वेळा येतं आणि चाळीसही वेळा थोडं वेगळं दिसतं. त्या चाळिसांतून शाईचा फुगवटा वजा करायचा, झिजलेल्या कडा वजा करायच्या, आणि ज्या माणसाने पोलादात ते अक्षर पहिल्यांदा कोरलं त्याला काय हवं होतं तिथपर्यंत जायचं. हे काम वंदना सोनावणेचं होतं. विक्रोळीची. तिच्या वडिलांनी एका मोठ्या कारखान्यात तीस वर्षं लाकडी खोक्यांवर पत्ते आणि आकडे रंगवले होते. स्टेन्सिल न लावता, हाताने. ती खोकी कुठे कुठे गेली याचा हिशेब कुणाकडे नाही.

माझ्याकडे नोंदी होत्या. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून बाहेर पडल्यावर हे काम आलं. फॉन्टबरोबर एक पुस्तिका जाते, तिच्यात प्रत्येक अक्षराचा पुरावा द्यायचा. रकाने दोन. एक ‘पुराव्यावरून’: अक्षर मूळ पुस्तकात कुठे आहे. दुसरा ‘नव्याने’: पुस्तकात नाही, आम्ही काढलं, आणि कुणी काढलं. दुसऱ्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचंच, हा पॅरिसचा नियम.

फ्रेंच मजकुरात ‘के’ जवळजवळ येत नाही. ‘डब्ल्यू’ तर नाहीच. अशा जुन्या अक्षरावर काम करणाऱ्यांची पहिली अडचण ही असते, की ही दोन अक्षरं बहुतेक वेळा मनाने काढावी लागतात. वंदना फेब्रुवारीपासून ‘के’ शोधत होती आणि तो तिला सापडला. ट्यूलिपच्या कंदांवरच्या प्रकरणात एका डच माळ्याचं नाव होतं. एकाच पानावर चार वेळा. चारही ‘के’ स्वच्छ. त्याचा खालचा पाय लांब होता, शेवटी किंचित वर उचललेला, पायरी उतरताना चप्पल सावरावी तसा.

“ताई, बघा ना! नखरा बघा याचा!” वंदना खुर्चीवरून उठलीच होती.

माझ्या नोंदीत ‘के’समोर लिहिलं गेलं: पुराव्यावरून, चार ठिकाणी. त्या ‘के’च्या पायावरून तिने मोठा ‘के’ काढला, मग लहान-मोठा ‘डब्ल्यू’, मग पूर्व युरोपातल्या भाषांना लागणारी त्यांची भावंडं. पॅरिसहून एका ओळीचं पत्र आलं. ‘के’ अप्रतिम आहे, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तोच मोठा करून छापू.

याआधी तीन फॉन्टांवर वंदनाने काम केलं होतं. तिन्हींवर स्टुडिओचं नाव होतं, तिचं नव्हतं. या वेळी करारात स्पष्ट लिहिलं होतं: मेच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत काम पूर्ण पोचलं तर अक्षरकार म्हणून वंदना सोनावणे हे नाव फॉन्टच्या आत आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर जाईल. न पोचलं तर उरलेलं काम पॅरिसचा माणूस करील आणि नाव त्याचं जाईल. फॉन्टच्या आत नाव जातं म्हणजे तो ज्या संगणकावर उघडेल त्या प्रत्येक संगणकावर ते असतं. वंदनाने हे घरी सांगितलं होतं. तिच्या आईचा रोज एक फोन यायचा, जेवणाच्या सुट्टीत, आणि वंदना रोज एकच उत्तर द्यायची, “हो गं आई, लागणार आहे. या वेळी लागणार आहे.”

लगीनसराईत खालच्या छापखान्यात पेडणेकर काका यायचे. वर्षाचे बाकीचे महिने ते घरी असत. पूर्वी तिथेच कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे. पंचाहत्तरीला आले होते. खिळे गेले, यंत्रं गेली, पण पत्रिकेत वराच्या आजोबांचं नाव चुकलं की जे होतं ते काही बदललं नाही. म्हणून मालक एप्रिल-मेमध्ये त्यांना प्रुफं वाचायला बोलवायचा. ते प्रुफं घेऊन वर येत. कारण त्यांनी कधी लपवलं नाही.

“खाली पंखो, वर एसी. अक्षर थंडाईत बरा दिसता,” काका म्हणायचे आणि वंदनाच्या शेजारची खुर्ची ओढून बसायचे. एरवी मुंबईचं मराठी बोलत. खुशीत किंवा रागात असले की मालवणीत जात.

वैशाख लागला होता. शेवटच्या शुक्रवाराला सतरा दिवस होते. वंदनाच्या पडद्यावर ट्यूलिपचं पान उघडं होतं. काका चष्मा कपाळावर चढवून ते बघत होते. फ्रेंच त्यांना येत नव्हतं. त्यांना ते लागतही नव्हतं.

“हे चार जास्त काळे का गो?”

“शाई जास्त लागली असेल, काका.”

“चौघांनाच? आणि मधल्यांका नाय?” काका पडद्याजवळ सरकले. “पानाची पाठ दाखव.”

“पाठ?”

“कागद उलटो कर. पाठीवर दाब दिसता. खिळो उंच असलो तर खोल रुततलो.”

फोटोची पाठ दाखवता येत नाही. पॅरिसने पाठवले होते ते पानांच्या तोंडाचे. मागच्या बाजूचा फोटोही होता, पण सरळ उजेडात काढलेला. त्यात मागून उठलेले फुगवटे दिसत नव्हते.

वंदना म्हणाली, “म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?”

“हे ह्या घरातले नाय,” काका म्हणाले. “उसने हाडलेले आसत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या धंद्यातलं साधं काम होतं. लगीनसराईत काही अक्षरं संपायची. एकाच दिवशी दहा पत्रिका जुळवायला घेतल्या की ‘श्री’ संपे, ‘सौ’ संपे, ‘चि’ संपे. मग शेजारच्या छापखान्यातून माणूस पाकिटात खिळे घेऊन यायचा. हवे तेवढेच. छापून झालं की मोजून परत. पण प्रत्येक घरचा खिळा केसभर उंच नाहीतर केसभर ठेंगणा. उंच असला तर काळा उठायचा, ठेंगणा असला तर फिका.

“एकदा नवऱ्या मुलाच्या नावात दोन खिळे शेजारचे पडले. नाव कसलं ठसठशीत उठलं! वराकडचे खुश, म्हणाले वा, आमच्या मुलाचं नाव उठून दिसतंय. वधूकडचे दुसऱ्या दिवशी भांडायला आले. आमच्या मुलीचं नाव फिकं का?”

वंदना हसली नाही. ती पडद्यावरच्या चार ‘के’कडे बघत होती. चार वेळा नाव आलं. चार खिळे आणले. हवे तेवढेच.

डेस्कवर एक गोष्ट शिकवली जाते. चार माणसं तीच हकिगत सांगत असतील तर आधी ती चौघं एका घरातली आहेत का ते बघायचं. असतील तर तो एकच साक्षीदार. माझ्या नोंदीत ‘चार ठिकाणी’ असं लिहिलं होतं, आणि तो आकडा लिहिताना भरवसा वाटला होता. वंदनाचाही त्याच आकड्यावर विश्वास बसला. एका पाकिटातून आलेले चार खिळे एकसारखे असणारच. ते एकमेकांशी जुळत होते; पुस्तकातल्या उरलेल्या एकाही अक्षराशी त्या उचललेल्या पायाचं नातं नव्हतं. हे तेव्हा पाहिलं आणि लगेच दिसलं. फेब्रुवारीत दिसलं नव्हतं. जे हवं होतं ते सापडलं होतं.

पाठीचा फोटो मागवायचा की नाही, हा पहिला प्रश्न. मागवलं की पॅरिस विचारणार, कशाला? स्टुडिओ चालवणारा सुहास, वंदनाच्याच कॉलेजचा, दोन वर्षं पुढचा. त्याने दार लावून घेतलं. गाळ्याच्या मधल्या भिंती प्लायवुडच्या. दार लावून काही उपयोग नव्हता.

“एका म्हाताऱ्याच्या बोलण्यावर तू सतरा दिवस राहिले असताना फाइल उघडणार?”

“फोटो तर मागवते. काका चुकले असतील तर चुकले.”

“आणि नसतील तर? अकरा अक्षरं बदलायची. त्यांचं शेजारच्या अक्षरांपासूनचं अंतर परत लावायचं. मुखपृष्ठ त्यांनी करायला घेतलंय, वंदू.”

“माहितीये मला.”

“तुझ्याच नावाची वाट लागणार आहे. माझं काय जातंय?”

तिने पत्र लिहिलं. कारण दिलं नाही. ‘त्या पानाच्या मागच्या बाजूचा, एका बाजूने तिरका उजेड टाकून काढलेला फोटो मिळेल का’, एवढंच.

उत्तर यायला पाच दिवस लागले. ते पुस्तक एका ग्रंथालयात होतं, ग्रंथालयाची वेळ ठरवावी लागे. ते पाच दिवस हवा हलली नाही. वसाहतीच्या मागचं गुलमोहराचं झाड फुललेलं होतं आणि त्याच्या पाकळ्या सांडल्या जागी कुरकुरीत होत होत्या. सुहास आणि वंदना एकमेकांशी फाइलींच्या नावांपुरतं बोलत. बुद्धपौर्णिमेला घरी सण असूनही वंदना आली. घरून खिरीचा डबा आणला होता. चार वाट्यांत खीर वाढली. सुहासने त्याची वाटी टेबलाच्या कडेला ठेवली आणि संध्याकाळपर्यंत ती तिथेच राहिली. जाताना मात्र त्याने ती उभ्याउभ्या खाल्ली आणि वाटी धुऊन ठेवली. खालून कटिंग मशीनचा दणका येत होता. त्या आठवड्यात मुहूर्त लागोपाठ होते.

काका रोज यायचे आणि रोज विचारायचे, “इलो काय फोटो?”

सहाव्या दिवशी फोटो आला. फाइल जड होती, वरून खाली हळूहळू उघडत गेली. तिरक्या उजेडात कागदाची पाठ नांगरलेल्या शेतासारखी दिसते. ओळींच्या जागी बारीक उंचवटे. सगळं पान एका उंचीचं होतं. चार ठिकाणी ते फुटायच्या बेतात आलं होतं. चार फोड. मोजायची गरज नव्हती, तरी वंदनाने त्यांच्यावर एकेक करून माउस नेला.

काका चष्मा पुसत म्हणाले, “आमच्याच जातीचो कोणतरी होतो थंयसर. लगीन तोंडावर इलेला असतला.”

“लग्न नाही काका, ट्यूलिपचं प्रकरण आहे.”

“तेचाच लगीन समज.”

सुहासने फोटो दोनदा बघितला. मग खुर्ची वळवून तो वंदनासमोर बसला. आवाज चढला नव्हता. “नीट ऐक. हे कोणाला कळणार आहे? तिकडच्या लोकांनी बघितलं, त्यांना नाही कळलं. अक्षर सुंदर आहे. त्याच काळातलं आहे. त्याच पुस्तकात छापलेलं आहे. खोटं काय लिहितोय आपण? पुस्तकात आहे, पानावर आहे. शब्दश: खरं आहे.”

तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्या नोंदीतला एकही शब्द खोटा नव्हता. बातमीतही असं होतं: प्रत्येक वाक्य तपासलेलं आणि बातमी चुकीची.

वंदना माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, तुमच्या रकान्यात काय लिहाल?”

“तू सांगशील ते नाही लिहिता येणार,” एवढंच उत्तर माझ्याकडे होतं.

“तेच म्हणते मी.” तिने सुहासकडे बघितलं. “मी या माणसाचं अक्षर काढतेय रे. चार महिने त्याच्या मागे मागे चाललेय. मुखपृष्ठावर दुसऱ्याचं अक्षर लावून खाली माझं नाव कसं घालू?”

आईचा फोन वाजला तेव्हा तिने तो त्या दिवशी पहिल्यांदा घेतला नाही.

पत्र दुपारीच गेलं. दोन फोटो जोडले, काकांनी सांगितलेलं सगळं लिहिलं, आणि शेवटी विचारलं की ‘के’ नव्याने काढायला दहा दिवस वाढवून मिळतील का. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिकडच्या संपादकांनी फार आभार मानले होते. त्याच गावात दुसरा एक छापखाना होता, त्याच्या एका पुस्तकात त्यांना हाच ‘के’ सापडला होता, पान पान भरून. दोन गल्ल्या पलीकडचा छापखाना. मुखपृष्ठ बदलत आहोत, असंही लिहिलं होतं. दहा दिवस देता येणार नव्हते, तारीख आधीच जाहीर झाली होती. ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ त्यांना नवे हवेत, ते वंदनाने काढून पाठवावेत. बाकी सगळं, अंतरं, जोड्या, तपासणी, पॅरिसमध्ये पूर्ण होईल. करारातल्या कलमाप्रमाणे.

कलमाप्रमाणे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. सुहास उठून खिडकीपाशी गेला आणि एसी दोन अंशांनी खाली आणला. त्याला माफी मागता येत नसे. रिमोट मात्र एरवी त्याच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा.

नऊ दिवसांत वंदनाने ‘के’ काढला. या वेळी समोर कुठला ‘के’ नव्हता. पुस्तकातल्या ‘एच’ची उभी काठी घेतली. ‘आर’चा पाय कसा टेकतो ते पाहिलं. ‘एक्स’ची तिरकी रेघ किती जाड ते मोजलं. हा माणूस पाय उचलत नव्हता. त्याचं प्रत्येक अक्षर दोन्ही पाय जमिनीला टेकून उभं होतं. तिचे पहिले सहा ‘के’ चांगले होते आणि त्यातला एकही त्या घरातला नव्हता. सातव्याला काका काही बोलले नाहीत. आठव्याला म्हणाले, “पाठीवर रुतणार नाय हो.” पडद्यावरच्या अक्षराला पाठ नसते. तरी तिला कळलं, हा ‘के’ त्या घरातला झाला.

नवे ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ शेवटच्या शुक्रवारी पोचले. फॉन्ट ठरल्या दिवशी बाजारात आला. त्याच्या आत एका फ्रेंच माणसाचं नाव आहे. पुस्तिकेच्या पहिल्या पानावरही. वंदनाने पुस्तिका घरी नेली तेव्हा आईने पहिलं पान दोनदा वाचलं म्हणे, आणि मग विचारलं, “मग तू काय केलंस?” वंदनाने शेवटून दुसरं पान उघडून दिलं. ते माझ्या नोंदींचं पान. बारीक टायपात, दुसऱ्या रकान्यात एक ओळ आहे. माझं मूळ वाक्य जास्त लांब होतं. पॅरिसने छाटून एवढं ठेवलं: ‘के: मूळ पुस्तकात पुरावा नाही. नव्याने काढला: वंदना सोनावणे, घाटकोपर, मुंबई.’ तिचे वडील ती ओळ भिंग लावून वाचत होते, असं ती म्हणाली. आधी काय लिहिलंय ते नाही बघितलं, ‘के’चा पाय बघितला.

स्टुडिओ आता तिथे नाही. सुहास ठाण्याला गेला. वंदना दुसऱ्या कंपनीत आहे, घरून काम करते. छापखाना आहे, एप्रिल लागला की गोंदाचा वास अजून जिन्यात अडकलेला असतो. काका दोन वर्षांपासून प्रुफांना येत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पुढ्यातल्या प्रत्येक गोष्टीवर टीका करतात, असं त्यांची नात सांगते.

ही पत्रिका तिच्याच लग्नाची. अंकिता पेडणेकर, विक्रोळी. मुलगा चेंदवणकर, घाटकोपरचा. इंग्रजी पानाचा फॉन्ट, तोच फ्रेंच, काकांनी स्वत: निवडला, मालकाशी भांडून. मालकाला वळणदार सोनेरी काहीतरी हवं होतं. काकांनी फोनवर सांगितलं, “म्हटलं, माका माझ्या वळखीचा अक्षर होया.”

पत्रिका परत सरळ केली आणि जुन्या सवयीने मोजलं. पेडणेकर, चेंदवणकर, अंकिता, विक्रोळी, घाटकोपर. त्या अख्ख्या फ्रेंच पुस्तकात ‘के’ चार होते, चारही उसने. या एका पानावर अकरा आहेत.

पानाचा फोटो काढून वंदनाला पाठवला. लिहिलं काहीच नाही. नुसतं ‘टायपिंग’ दिसायचं आणि जायचं. मग उत्तर आलं.

“विक्रोळीतला के पुढच्या एचला चिकटतोय, ताई. अंतर कमी पडलंय. पॅरिसला कळवते.”